बालवाडीतला गाण्याचा तास : नव्या ताईंनी आखणी कशी करावी

जूनच्या मध्यात बालवाड्या सुरू होतात तेव्हा पुण्यात पावसाची भुरभुर लागलेली असते, दारात ओल्या छत्र्यांचा ढीग असतो आणि वर्गातली निम्मी मुलं रडत असतात. नवी ताई गांगरते, फोन काढते, स्पीकरवर एखादं बालगीत लावते आणि आवाज वाढवत नेते. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. रडणं काही थांबेना, स्पीकरला मागे टाकायला ते आणखीच चढायचं. एक दिवस स्पीकर चार्ज नव्हता, म्हणून मी सतरंजीवर बसले आणि मांडीवर थाप देत हलक्या आवाजात "टप टप, टप टप" एवढंच म्हणत राहिले. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. दोन मुलं गप्प होऊन बघायला लागली. तिसऱ्याने हुंदके देत देतच स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यानंतर स्पीकर कपाटात गेला, आणि पुढची सगळी आखणी मी दोन गोष्टींवर उभी केली : ताईचा स्वतःचा आवाज आणि मुलांची स्वतःची लय.

यंदा पहिल्यांदाच वर्ग हातात आलेल्या ताईंसाठी हे लिहिते आहे. गाणं शिकलेलं असायला हवं, अशी अट नाही. सुरात साधी ओवी किंवा आरती म्हणता येत असेल तर पुरे. पहिल्या महिन्यात ज्या क्रमाने कामाला लागावं, त्याच क्रमाने पुढे सांगते.

पहिली पायरी : मुलं आणि खोली बघून घ्या

टाचणवही, म्हणजे पाठाच्या आखणीची वही, उघडण्याआधी तीन-चार दिवस नुसतं बघा. डबा खाताना कोण गुणगुणतं, पाटीवर पेन्सिल कोण वाजवतं, शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला की कोण कान झाकतं. कान झाकणाऱ्या मुलाला भित्रं म्हणू नका, त्याला तो आवाज खरोखर टोचत असतो. त्याची जागा वाद्यांपासून लांब, दाराजवळ ठेवा आणि कधीही उठून बाहेर बसायची मोकळीक द्या. हाक मारल्यावर वळून न बघणारं, सारखं तुमच्या ओठांकडे बघणारं मूल दिसलं तर पालकांना कान तपासून घ्यायला सांगा. पावसाळ्यात सर्दीने कानाला दडे बसतात, तेव्हाही मुलांना कमी ऐकू येतं आणि आपण समजतो, लक्ष नाही.

खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. जुन्या वाड्यातली लाकडी माळवदाची खोली आवाज पिऊन टाकते. नव्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये फरशी आणि काचा असतात, तिथे तीच टाळी घुमत राहते, आणि पंचवीस मुलं गायला लागली की कुणालाच काही कळत नाही. सतरंज्या दुहेरी घाला, एका भिंतीवर गोधडी टांगा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

भाषेचंही बघा. वाकड-हिंजवडीकडच्या वर्गात तेलुगू, कन्नड, हिंदी, बंगाली घरांतली मुलं असतात. बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं वेगळीच बोली बोलतात. पहिल्या पालकसभेत एकच गोष्ट मागा : "घरी झोपवताना जे म्हणता ते फोनवर रेकॉर्ड करून पाठवा." एका आईने तेलुगू अंगाई पाठवली होती. मी ती पाठ करून वर्गात म्हटली. महिनाभर एक शब्द न बोललेली तिची मुलगी उठून माझ्यापाशी आली, माझा उच्चार चुकला होता तो शब्द तिने स्वतः म्हणून दाखवला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून ती बोलू लागली.

दुसरी पायरी : सूर कुठे लावायचा

नव्या ताईंची सगळ्यात जास्त होणारी चूक सुराच्या पट्टीची असते, आणि त्याबद्दल त्यांना कुणी सांगतही नाही. बायका गायला बसल्या की सहसा पेटीवरच्या काळी चार किंवा काळी पाचमध्ये, खालच्या सप्तकातला सा धरतात. आपल्या गळ्याला ती पट्टी आरामाची असते. तीन-चार वर्षांच्या मुलाचा गळा मात्र त्याच्या बराच वर बोलतो. तिथे खाली त्याला सूर सापडत नाही, मग ते नुसतं बोलतं किंवा घोगरं ओरडतं, आणि आपण म्हणतो, हे बेसूर आहे.

सा सफेद एक किंवा सफेद दोनला धरा आणि गाणं त्या 'सा'पासून त्याच्या वरच्या पंचमापर्यंत (प), फार तर धैवतापर्यंत (ध) ठेवा. पेटी नसेल तर फोनवर तानपुऱ्याचं ॲप चालेल. फोनचं काम तेवढंच, सूर दिला की तो बाजूला ठेवून द्या. वरचा सा लागणारी गाणी पहिल्या सहामाहीत नकोत.

वर्गात दादा शिकवत असतील तर त्यांचा आवाज मुलांच्या आवाजाच्या एक सप्तक खाली पडतो. काही मुलं गोंधळतात आणि तो खर्ज काढायला बघतात. दादांनी बारीक, वरच्या आवाजात गाऊन दाखवावं, किंवा एखाद्या सुरेल मुलीला आधी गाऊ द्यावं आणि मग सगळ्यांनी धरावं.

सोपा सूर कुठला? खालून मित्राला हाक मारणारं मूल ऐका. "ऊऽऽ-मीऽऽ" म्हणताना ते बहुतेक वेळा पंचमावरून गंधारावर (ग) उतरतं. ही उतरंड मुलांच्या गळ्यात आपोआप असते. सुरातली हजेरी याच दोन सुरांत घ्या. तुम्ही म्हणा, "सई कुठेऽ?" तिने म्हणावं, "मी इथेऽ!" सुरात नाही म्हटलं, नुसतं हात वर केला, तरी हजेरी लागली. पंचवीस मुलांची हजेरी दोन-तीन मिनिटांत होते आणि रोज प्रत्येक मुलाचा एकेकटा आवाज तुमच्या कानावर पडतो. वर्षभरात याच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही.

तिसरी पायरी : आठवडा आखा, दिवस नव्हे

रोज नवीन गाणं आणायचं दडपण घेऊ नका. मुलांना तेच ते हवं असतं, कंटाळतो आपण. एका आठवड्याला एकच गोष्ट ठरवा : या आठवड्यात सावकाश-जलद, पुढच्या आठवड्यात वाजणं आणि थांबणं, त्यापुढे लहान-मोठा आवाज. पाचही दिवस तीच गोष्ट वेगवेगळ्या अंगाने येऊ द्या. गाण्याचा तास आठवड्यातून एकदा, पाऊण तास ठेवण्यापेक्षा रोज थोडा ठेवा. छोट्या गटाला, म्हणजे तीन ते चारच्या मुलांना, दहा-बारा मिनिटं पुरतात. मोठा गट वीस मिनिटांपर्यंत रमतो.

मोठ्या गटासाठी माझी रोजची वीण अशी असते. दोन-तीन मिनिटं सुरातली हजेरी. मग सगळ्यांना येणारं एक गाणं, म्हणजे घसा आणि भीती दोन्ही मोकळी होतात. नंतर चार-पाच मिनिटं आठवड्याची नवी गोष्ट. तोवर मुलं चुळबुळायला लागतात, म्हणून लगेच उठून हालचाल. शेवटी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकणं. हालचालीनंतर तास तिथेच संपवू नका, मुलं उधळलेली असतात आणि पुढच्या ताईला वर्ग आवरत नाही. ऐकायला फार काही लागत नाही. पडद्यामागे किल्ल्यांचा जुडगा हलवा, पोळपाटावर लाटणं फिरवा, स्टीलच्या डब्याचं झाकण लावा, आणि काय वाजलं ते विचारा. खिडकी उघडी ठेवली तर कोकीळ, बसचा ब्रेक, भंगारवाल्याची आरोळी, कुकरची शिट्टी हे सगळं आयतंच मिळतं.

टाचणात उद्दिष्टाच्या रकान्यात काय लिहायचं, हे नव्या ताई हमखास विचारतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षांचा पायाभूत स्तर धरला आहे, आणि त्या स्तराच्या २०२२च्या अभ्यासक्रम आराखड्यात शारीरिक, भावनिक, बौद्धिक, भाषिक विकासाच्या जोडीला सौंदर्यदृष्टी आणि सांस्कृतिक विकास हे स्वतंत्र क्षेत्र आहे. गाण्याचा तास तिथे बसतो. पण रकाना भरायला म्हणून गाण्यातून आकडे आणि महिने पाठ करून घेऊ नका.

चौथी पायरी : नवं गाणं हळूहळू उतरवा

गाणं चार ओळींचं घ्या किंवा स्वतः करा. पावसाळ्यासाठी मी हे केलं होतं :

टप टप थेंब पत्र्यावर,
टप टप थेंब छत्रीवर,
टप टप थेंब नाकावर,
पाऊस आला गावभर!

पंचम, धैवत आणि गंधार एवढ्या तीन सुरांत ते बसतं.

पहिल्या दिवशी मुलांना म्हणायला सांगूच नका. तुम्ही पुरं गाणं दोनदा म्हणा, "पत्र्यावर"ला हात डोक्यावर, "नाकावर"ला बोट नाकावर. एक ओळ तुम्ही, तीच ओळ मुलांनी, अशी घोकंपट्टी केली की गाण्याचे तुकडे पडतात आणि मुलाला पुरं गाणं कधी ऐकायलाच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्या. "टप टप थेंब..." म्हणून थांबा आणि वाट बघा. ही वाट बघणं अवघड असतं, तीन सेकंदही फार मोठे वाटतात. पण कुठून तरी एक बारीक "छत्रीवल" येतंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरीच मुलं अर्ध्या ओळी म्हणायला लागतात.

पुढच्या आठवड्यात जागा मुलांना भरू द्या. थेंब आणखी कशावर पडतो? माझ्या वर्गात तो बुलेटवर पडला, भजीवर पडला, आजीच्या चष्म्यावर पडला. मीटर मोडलं तरी शब्द घ्या आणि तुम्ही गाताना तो ठेक्यात बसवा. एका गाण्याला दोन-तीन आठवडे सहज जातात. वर्षाला पंधरा-सोळा गाणी मुलांच्या अंगात मुरली तर वर्ष उत्तम गेलं.

पाचवी पायरी : ठेका मुलाकडून घ्या

"एक-दोन, एक-दोन, सगळ्यांनी एकदम टाळी" असं आपण संथ लयीत म्हणतो आणि मुलं पुढे पळतात. त्यांचं चुकत नाही. लहान मुलाची अंगची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. त्याला त्याच्या मनाने वाजवू दिलं तर मिनिटाला सव्वाशे-दीडशेच्या आसपास ठोके पडतात. संथ लय धरून ठेवणं त्याला जास्त अवघड जातं. म्हणून सुरुवातीला मुलाच्या मागे तुम्ही जा. एका मुलाला वर्गभर चालू द्या, त्याच्या पावलाबरोबर तुम्ही थाप द्या, बाकीच्यांनी तुमच्याबरोबर. ते धावलं की थाप धावते, ते थांबलं की थाप थांबते. सगळा वर्ग आपल्या पायांवर चालतो आहे हे कळल्यावर त्या मुलाचं तोंड बघण्यासारखं असतं.

टाळीपेक्षा मांडीवरची थाप सोपी. टाळीत दोन्ही हात हवेत एकमेकांना शोधतात, मांडी जागेवरच असते. छोट्या गटाला ऑगस्टपर्यंत मांडीच, मग टाळी, मग पाय. उजवा हात डाव्या गुडघ्यावर असले आडवे प्रकार मोठ्या गटात दिवाळीनंतर घ्या.

ठेक्याची सगळ्यात गोड सामग्री मुलांची नावं. नाव म्हणा आणि जेवढे तुकडे पडतात तेवढ्या थापा द्या. ओम, एक. सई, दोन. अर्णव, अर्-णव, दोनच. ज्ञानेश्वरी, चार. लेखी अक्षरं मोजू नका, कानाला ऐकू येतं ते मोजा. मुलं चुकत नाहीत, कारण त्यांना अजून लिहिता येत नाही. आपण चुकतो. नावांनंतर भाजी घ्या. १८८६ साली सुरू झालेली महात्मा फुले मंडई जवळ असेल तर मोठ्या गटाला सकाळी अर्धा तास घेऊन जा, विक्रेत्यांच्या हाळ्या ऐकवा आणि वर्गात येऊन हाळी द्या : भें-डी, ब-टा-टा, को-थिं-बीर, ढोब-ळी-मिर-ची. दोन, तीन, तीन, चार. एका गटाने "भेंडी भेंडी" चालू ठेवायचं आणि दुसऱ्याने वर "कोथिंबीर" म्हणायचं, हे वर्षाच्या शेवटी जमतं. जमलं नाही तरी हसण्यात तास जातो.

थांबण्याचा खेळ मात्र पहिल्या आठवड्यापासून घ्या. थाप सुरू असताना चाला, थाप थांबली की पुतळा. हलणाऱ्याला बाद करू नका. बाद झालेलं मूल भिंतीशी बसतं आणि ज्याला सरावाची गरज आहे त्याचाच सराव बंद होतो.

सहावी पायरी : मोठा, वरचा, बारीक

मराठीत इथे एक खोच आहे. "आवाज चढव" म्हणजे जोरात बोल की वरच्या सुरात जा? "बारीक आवाजात म्हण" म्हणजे हळू की उंच? आपण दोन्ही अर्थांनी बोलतो आणि मूल गोंधळतं. "वर जा" म्हटलं की ते ओरडतं. वर्गापुरते शब्द पक्के करा आणि वर्षभर तेच वापरा. जोराचा आणि हळू, हे आवाजाचं. वरचा आणि खालचा, हे सुराचं. जलद आणि सावकाश, हे लयीचं. म्हणजे "हळू" हा शब्द लयीला वापरायचा नाही. हे सगळ्या ताईंनी एकत्र बसून ठरवायला हवं, नाहीतर शेजारच्या वर्गात सगळं उलटं होतं.

वरचा-खालचा सूर अंगाने दाखवा. सूर वर गेला की टाचा उचला, खाली आला की उकिडवे बसा. वरचा सूर हळू आवाजात आणि खालचा सूर जोरात, असंही मुद्दाम करा. ते जमलं की दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं मुलाला कळलं.

सातवी पायरी : वाद्यं

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी मुलांच्या अंगणात नेली तेव्हा शिकवायचं साहित्यही आजूबाजूलाच शोधलं. वाद्यांच्या बाबतीत मी तोच रस्ता धरते. सारख्या आकाराच्या तीन छोट्या बाटल्या घ्या. एकीत राजगिरा, दुसरीत मूग, तिसरीत राजमा, प्रत्येकी पाव बाटली. राजगिरा सर्रर्र सरकतो, मूग पावसासारखे वाजतात, राजमा खडखडतो. डोळे मिटून कुठली बाटली ते ओळखायचं. टोपण गोंदाने चिकटवा, वर टेप गुंडाळा आणि दर सोमवारी प्रत्येक बाटली ओढून बघा. एक दाणा नाकात किंवा घशात गेला तर काय होतं ते मी सांगायला नको. नारळाच्या करवंटीच्या दोन वाट्या पॉलिश पेपरने कडा घासून घेतल्या की घोडा तयार. वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या टेपने बांधल्या की टिपऱ्या, त्यांनी कुणाला लागत नाही. स्टीलची ताटं-चमचे वर्गात आणू नका, फार कर्कश वाजतात.

खरी वाद्यंही हवीत, चार-पाच का होईना. लहान टाळ आणि चिपळ्या आळंदीला देवळाजवळच्या दुकानांत निवडून घेता येतात, तिथे हातात धरून वाजवून बघा. मोठे टाळ चार वर्षांच्या हाताला पेलत नाहीत. चिपळ्यांत बोटं चिमटतात, म्हणून त्या मोठ्या गटालाच. सुटे घुंगरू देऊ नका, रुंद इलॅस्टिकच्या पट्टीवर घट्ट शिवून मनगटाला बांधा.

वाद्यं वाटण्याची रीत आधी बसवा, वाजवणं मग. वाद्य समोर आलं की ते "झोपलेलं" असतं. ताईने तळवे वर केले की उठवायचं, खाली केले की झोपवायचं. पहिल्या दिवशी फक्त उठवणं-झोपवणंच करा. अर्ध्या मुलांच्या हातात वाद्यं, अर्धी त्यावर चालणारी, मग अदलाबदल. वाद्यं तीन मिनिटांपेक्षा जास्त नकोत. आवाज किती होतो याचा अंदाज फोनवरच्या डेसिबल ॲपने घ्या. आकडा ८५च्या वर रेंगाळायला लागला तर वाद्यं कमी करा.

आठवी पायरी : पुण्याचं वर्ष हाताशी घ्या

वर्षाची आखणी करताना या गावाचं कॅलेंडर उघडा. निम्मं काम गावच करून ठेवतं.

आषाढी वारीच्या वाटेवर दोन्ही पालख्या पुण्यात मुक्काम करतात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंगा विठोबाच्या देवळात आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. त्या आठवड्यात वर्गात दिंडी काढा. पताका कागदाची, टाळ हाताचे, आणि पावली खरी : दोन पावलं पुढे, एक मागे, थांबा. मुलं पहिल्यांदा एकमेकांवर आपटतात. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला की जमतं.

गणपतीच्या आधी नदीकाठाला ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. मुलांच्या अंगात ते इतकं भिनतं की डब्यावरही तोच ठेका पडतो. तो वर्गात घ्या. ढोल म्हणजे सतरंजीवर मूठ, ताशा म्हणजे फरशीवर बोटांची टोकं. एक गट ढोल, एक गट ताशा, मध्ये झेंडा नाचवणारा एक जण. झेंडा खाली आला की शांत. प्रत्यक्ष पथक बघायला न्यायचं तर चांगलं लांबून. ताशाचा आवाज लहान कानांना सोसत नाही. पालकांनाही हे सांगा, ते मुलांना खांद्यावर घेऊन थेट ताशासमोर उभे राहतात.

नवरात्रातला भोंडला तर बालवाडीसाठीच केल्यासारखा आहे. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि ओळीला ओळ जोडत वाढणारी गाणी. शेवटी खिरापत ओळखताना डबा हलवून दाखवतात, तो ऐकण्याचा अस्सल खेळ आहे. चिवडा कसा वाजतो, लाडू कसा गडगडतो, शिरा कसा वाजतच नाही, यावर माझा मोठा गट अर्धा तास बोलला होता. मुलींबरोबर मुलांनाही फेरात घ्या. वेगवेगळ्या धर्मांची घरं असतील तर पालकांशी आधी बोला आणि त्यांच्याकडच्या सणांची गाणीही मागून घ्या.

डिसेंबरात, १९५३पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या दिवसांत, घराघरांत गाण्याच्या गोष्टी चाललेल्या असतात. तेव्हा एखाद्या पालकाला किंवा आजोबांना तबला, बासरी, व्हायोलिन जे वाजवत असतील ते घेऊन बोलवा. पंधरा मिनिटं, त्यातली पाच वाद्याला हात लावायला. आधीच सांगून ठेवा की मैफल नको, एकच छोटा तुकडा आणि मुलांचे प्रश्न. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा सुंदर संग्रह आहे. तिथे हात लावता येत नाही, म्हणून फक्त मोठ्या गटाला न्या आणि तीन-चार वाद्यांपाशीच थांबा.

नववी पायरी : वहीत काय लिहायचं

कोण सुरात गातं, कोण नाही, हे लिहू नका. या वयात सूर अजून बसायचा असतो, आणि "तू नुसते ओठ हलव" असं ऐकलेली माणसं साठीतही गायला लाजतात. असं वाक्य तुमच्या तोंडून कधी जाऊ नये. लिहायचं ते असं : आज कोण पहिल्यांदा फेरात आलं, कुणी स्वतः शब्द सुचवला, कोण थापेबरोबर थांबलं, कुणी कान झाकले. रोज दोन मुलांबद्दल दोन ओळी. तेरा दिवसांत पंचवीस मुलांचा फेरा पुरा होतो.

न गाणाऱ्या मुलावर जोर करू नका. माझ्या वर्गातला एक मुलगा दिवाळीपर्यंत नुसता बघत बसायचा. त्याची आई एक दिवस म्हणाली, "ताई, घरी सगळी गाणी म्हणतो, तुमच्यासारखे हातवारे करून, आणि बहिणीला तिसऱ्या सेकंदाला टोकतो, थांब म्हणून." तो सगळं घेत होता.

पालक विचारतात, गाण्याच्या क्लासला घालू का? भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज काढला, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली गांधर्व महाविद्यालय, म्हणजे गाणं शिकवण्याची या गावाची परंपरा मोठी आहे आणि क्लासही गल्लोगल्ली आहेत. माझं मत विचाराल तर चौथ्या वर्षी घाई नको. घरी आई-बाबांनी रोज एक गाणं स्वतः म्हणावं, सरगम सहा-सात वर्षांनंतर.

आणि स्नेहसंमेलन. जानेवारी आला की गाण्याचे तास बंद पडतात आणि सिनेमाच्या गाण्यावर महिनाभर तालीम चालते. मुलं थकतात, स्टेजवर रडतात, स्पीकर कानाशी असतो. नव्या ताईला हे एकटीने मोडता येत नाही, पण मुख्याध्यापक बाईंकडे तुमच्या वर्गाची दहा मिनिटं वेगळी मागून घ्या. मुलांना स्टेजवर चढवू नका, खाली सतरंजीवर गोल बसवा, पालकांना त्यांच्या मागे बसवा. माइक नको. सुरातली हजेरी घ्या आणि त्यात पालकांनाही विचारा, "सईची आई कुठेऽ?" नंतर वर्षभरातली तीन गाणी, शब्दांच्या जागा पालकांनी भरायच्या. चित्रीकरण एकाच पालकाने करून सगळ्यांना पाठवायचं, बाकीच्यांचे फोन दाराजवळच्या टोपलीत, कारण थाप द्यायला दोन्ही हात मोकळे लागतात.